जागा एक, उमेदवार दोन

"तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता का?"

मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथे एक मुलगा बसला होता. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच… केस घाईघाईत विंचरलेले, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा की हा मुलाखतीला नाही, पंख्याखाली बसायला आलाय असं वाटावं.

"नाही," मी म्हणाले.

"अजून नाही," तो म्हणाला.

तिथेच मला त्याचा राग आला. तसा माझा राग नाकावरच असतो, आई म्हणते, पण त्या दिवशी त्याला कारणंही भरपूर होती.

मॅडमनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. डिजिटल मार्केटिंगची कंपनी होती ती. मुलाखतीआधी सगळ्यांना एक काम घरून करून आणायला सांगितलं होतं – गादीच्या एका ब्रँडसाठी जाहिरात लिहायची. पडद्यावर दोन जाहिराती शेजारीशेजारी होत्या. एक माझी, एक त्याची. दोन्हींच्या वर एकच ओळ: 'ही फक्त गादी नाही, ही तुमच्या उद्याची सुरुवात आहे.' अक्षराचाही फरक नाही.

"कोणी कोणाचं उचललं?" मॅडमनी विचारलं.

"मी एआयकडून लिहून घेतलं," तो म्हणाला. बसने आलो म्हणावं तितक्या सहज. "एआय वापरता आलं पाहिजे, असं तुम्हीच जागेच्या जाहिरातीत म्हटलं होतं. मग वापरलं."

"आणि तू?"

"मी स्वतः लिहिलं."

मॅडम हसल्या. वाईट नाही, पण हसल्या. "सगळे तसंच म्हणतात गं. हा निदान प्रामाणिक तरी आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन दिवस खपून, आईने चहाला चार हाका मारल्या तरी न उठता मी ती ओळ लिहिली होती. आणि खरं बोलून मी खोटी ठरले, आणि तो बटण दाबून प्रामाणिक ठरला. बरं, या लोकांच्या जाहिराती तरी बघा. वर मोठ्या अक्षरात 'फ्रेशर हवेत', खाली बारीक अक्षरात 'किमान दोन वर्षांचा अनुभव'. दोन वर्षांचा अनुभव असलेला फ्रेशर म्हणजे नेमका कोण, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. ज्या क्लासने आम्हाला 'शंभर टक्के नोकरी' म्हणून सर्टिफिकेटं वाटली, त्या क्लासचा फोन आता लागत नाही.

तरीही मी उठून निघून गेले नाही. कारण मामा. माझा मामा दुसऱ्या गावी टाइल्सचं दुकान चालवतो आणि त्याला काउंटरवर घरचं माणूस हवं होतं. महिनाभरात नोकरी मिळाली नाही तर मी त्याच्याकडे जायचं, असं घरात ठरलं होतं. बाबा रागावून बोलले नव्हते, उलट माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "बघ प्रयत्न करून." तेच जास्त लागलं.

"दोघंही महिनाभर ट्रायलवर या," मॅडम म्हणाल्या. "पगार नाही. शेवटी एकाला ठेवीन. पूर्वी या टेबलाभोवती सहा ज्युनिअर बसायचे, आता एक पुरतो."

लांबलचक टेबल होतं. रिकाम्या खुर्च्या अजून तशाच होत्या, एकीच्या पाठीवर कोणाचं तरी स्वेटर राहून गेलं होतं.

लिफ्टमध्ये तो म्हणाला, "तुम्ही खरंच हाताने लिहिलं?"

"नाही, पायाने."

"मग तुमचं नाव हस्तलिखित."

"आणि तुमचं बटण," मी म्हणाले. "दाबायला तेवढंच येतं ना?"

तो इतका मनापासून हसला की मला आणखीच राग आला. आणि तळमजला आल्यावर मला कळलं, मी लिफ्टच्या आरशात त्याच्याकडेच बघत होते.

* * *

कामाला लागल्यावर कळलं की लिहायचं काही नव्हतंच.

गादीवाल्या ब्रँडच्या पोस्ट, ओळी, लोकांच्या कॉमेंटना उत्तरं – सगळं एआयचं एक टूल लिहायचं. आम्ही दोघांनी शेजारीशेजारी बसून ते वाचायचं आणि 'पास' करायचं. पास केलं की ते लोकांपर्यंत पोचायचं. कोण किती पास करतं त्याचा आकडा मॅडमच्या पडद्यावर सारखा दिसत राहायचा. मी प्रत्येक ओळ वाचायचे, खटकली की दुरुस्त करायचे. दुरुस्ती केली की टूल म्हणायचं, 'धन्यवाद, मी शिकलो.' म्हणजे बघा. मला शिकवायला कोणी नव्हतं, आणि मी फुकटात त्याची शिकवणी घेत होते.

बटण मात्र सुसाट. डाव्या हाताने डबा खायचा, उजव्या हाताने पास करत सुटायचा.

"वाचता तरी का हो?" मी विचारलं.

"डोळ्यांखालून घालतो."

"डोळे मिटलेले असताना?"

"तुमच्याकडे बघत असताना," तो म्हणाला, आणि लगेच डब्यात डोकं घातलं. कान लाल झाले होते त्याचे.

मी पडद्याकडे तोंड वळवलं. पण त्या दुपारी माझा आकडा आणखी घसरला, कारण एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत बसले होते आणि ती डोक्यात शिरत नव्हती…

हळूहळू कळत गेलं. त्याचे वडील नाहीत. आई शिवणकाम करते, तिच्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही. त्याचा वेग आळसातून नव्हता, भीतीतून होता. मला ते कळलं आणि कळल्याचा त्रास झाला. ज्याच्याशी एका जागेसाठी भांडायचं, त्याच्या आईचा चष्मा माहीत असू नये. माझ्या मामाच्या टाइल्सही त्याला माहीत झाल्या. "हस्तलिखित, तुम्ही काउंटरवर बसलात तर गिऱ्हाईक टाइल न घेता माफी मागून जाईल," तो म्हणाला. पाणी प्यायला गेला की माझी बाटली न विचारता भरून आणायचा. मी 'थँक्यू' म्हणत नसे, पण बाटली मुद्दाम लवकर संपवत असे.

आणि मग, महिना संपत आला तेव्हा, ती कॉमेंट आली.

जाहिरातीखाली एका बाईंनी लिहिलं होतं: 'माझे बाबा मागच्या आठवड्यात वारले. आजारपणात त्यांच्यासाठी तुमची गादी घेतली होती. ती अजून नवीच आहे, पण घरात बघवत नाही. तुम्ही परत घेता का?'

खाली आमचं उत्तर गेलं होतं: 'किती छान प्रश्न! जुनी गादी द्या आणि नवीवर खास सूट मिळवा. तुमच्या बाबांनाही नक्की आवडेल!' पुढे तीन हसरे चेहरे.

मी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. बटणाच्या खात्यातून पास झालं होतं.

"हे तुम्ही वाचलंत?"

त्याने वाचलं. बहुधा पहिल्यांदाच. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी बघत होते. मला खूप बोलायचं होतं, वाक्यं तयार होती, पण त्याच्याकडे बघून एकही निघेना.

मी टूल बंद केलं आणि स्वतः लिहायला घेतलं. रागाने की-बोर्ड बडवत. 'ताई, आम्ही तुमचं वाचलंच नाही आणि उत्तर पाठवलं. याला चूक म्हणणंही कमी आहे. तुमच्या बाबांबद्दल असं लिहिलं गेलं, त्याची लाज वाटते. माफ करा.'

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं. 'हेही मशीननेच लिहिलं ना? माणूस असाल तर समोर या.'

पुन्हा तेच. मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. "बघा, बघा आता. मी काही लिहावं तर ते माझं नाहीच. बाई म्हणतात मशीन, मॅडम म्हणतात मशीन. मी काय आधार कार्ड चिकटवू खाली?"

"पत्ता मागा," बटण म्हणाला.

"काय?"

"त्यांचा पत्ता. जाऊ या. माझ्या आतेभावाचा टेम्पो आहे."

* * *

बाई शाळेत शिकवणाऱ्या होत्या, हे दार उघडताक्षणीच कळलं. त्यांनी आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं.

"कोण हवंय?"

"आम्ही… गादीवाले," मी म्हणाले.

"खरंच आलात?" त्या क्षणभर दाराला धरून उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या.

आतल्या खोलीत पलंग होता, औषधांची रिकामी टोपली होती, आणि प्लास्टिक अर्धवट काढलेली ती गादी भिंतीला टेकवून ठेवलेली. कंपनी गाद्या परत घेत नाही, हे मी त्यांना खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, चालेल, बाबा ज्या रुग्णालयात होते तिथे रुग्णांचे नातेवाईक जमिनीवर झोपतात, त्यांच्या खोलीत पोचवा.

मग त्यांनी विचारलं, "दुसरं उत्तर कोणी लिहिलं?"

"मी."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. हसल्या नाहीत, शंका काढली नाही.

"आणि पहिलं मी पाठवलं," बटण म्हणाला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

"न वाचता?"

"न वाचता."

"मग उचला," बाई म्हणाल्या.

लिफ्ट नव्हती. जिना अरुंद, गादी जाड आणि आडमुठी. तो खाली, मी वर, मध्ये गादी… एकमेकांचं तोंडही दिसत नव्हतं. पहिल्याच वळणावर ती अशी अडकली की ना वर, ना खाली.

"डावीकडे घ्या," मी म्हणाले.

"कोणाच्या डावीकडे?"

"गादीच्या."

पलीकडून हसू ऐकू आलं. मग त्याचा आवाज, जरा वेगळा. "एक विचारू? तुम्ही ती ओळ… खरंच स्वतः लिहिली होती ना?"

"म्हणजे इतके दिवस तुम्हाला मी खोटारडी वाटत होते?"

"…हो."

मी माझ्या बाजूची गादी सोडून दिली. तिकडून 'आई गं' ऐकू आलं.

"अगं, धर ना! सगळा भार माझ्यावर आलाय. आता नाही वाटत, असं सांगणार होतो."

पहिल्यांदाच 'अगं' म्हणाला होता. मी गादी धरली.

"आता का नाही वाटत?"

"मघाशी तू लिहीत होतीस, तेव्हा बघत होतो. तुझी हनुवटी थरथरत होती." तो थांबला. "आणि मला वाटलं, हिच्या शेजारी बसून मी काय करतोय इतके दिवस?"

मी पायरीवरच बसले. गादीला पाठ टेकवून, घामाने चिकटलेले केस कानामागे सारत. खरं म्हणजे मला त्याला एक सांगायचं होतं, जे मी घरीही कोणाला सांगितलं नव्हतं. "मी स्वतः लिहिली होती रे. पण ती ओळ वाईटच होती. क्लासमध्ये आम्हाला तसंच शिकवलं – वस्तू जी आहे ती नाही असं म्हणायचं आणि मग काहीतरी मोठं म्हणायचं. पैसे घेऊन आम्हाला मशीनसारखं लिहायला शिकवलं, आणि मग खरं मशीन आणून म्हणाले, तुमची गरज काय?"

"म्हणजे माझ्यापेक्षा तुझी फसवणूक जास्त झाली," तो म्हणाला. "मी निदान मेहनत तरी केली नाही."

मला हसू आलं. इतकं, की पोट धरून हसले. त्याने गादीच्या कडेवरून मान वर काढली, मोबाइल काढला आणि फोटो काढला. मी ओरडायच्या आत मोबाइल खिशात गेलाही होता.

"कशाला?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला, आणि पुन्हा गादीमागे लपला.

* * *

दुसऱ्या दिवशी मॅडम खुशीत होत्या. बाईंनी कॉमेंटखाली लिहिलं होतं, 'दोन माणसं खरंच आली. आभार.' गादीवाल्यांचा मॅडमना सकाळीच फोन आला होता.

"याची पोस्ट झाली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "मुलगी, वडील, गादी, तुम्ही दोघं. लोक रडतील. फोटो काढलात ना एखादा?"

बटणाने माझ्याकडे पाहिलं. "काढलाय. पण तो कंपनीचा नाही."

"म्हणजे?"

"माझा आहे."

मॅडमनी त्याचा नाद सोडला आणि त्या माझ्याकडे वळल्या. "तू लिही. स्वतः लिही, तुला येतं, मी मान्य करते. ही पोस्ट चांगली झाली तर जागा तुझी."

महिनाभर मला याच दोन गोष्टी हव्या होत्या. त्यांनी मान्य करणं आणि जागा. माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, मामाचा काउंटर आला. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं मी. पण मग त्या भिंतीला टेकलेल्या गादीवरचं अर्धवट प्लास्टिक आठवलं.

"बाईंना विचारलंय?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांनी सगळ्यांसमोरच लिहिलंय."

"मग मी नाही लिहिणार. घरात बघवत नाही म्हणून त्यांनी दिली ती गादी."

"तू नाही लिहिलंस तर टूल लिहील," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांनी दोनचार शब्द टाइप केले. पाहता पाहता पडद्यावर चित्र उमटलं. एक मुलगा, एक मुलगी, मध्ये गादी, जिन्यावर कोवळं ऊन. दोघंही आमच्यापेक्षा देखणी होती, आणि कोणाला घाम आलेला नव्हता.

माझा आवाज चढला. "बाईंना न विचारता हे टाकलंत, तर मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगेन. आणि मॅडम, एक विचारू? तुम्ही पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी छान लिहीत होता? तुमच्याही चुका झाल्या असतील ना? कोणीतरी शेजारी बसून सुधारल्या असतील. आम्ही चुका करायच्या कुठे? पहिली पायरीच तुम्ही काढून ठेवलीत, आणि वरून विचारता, तुम्हाला चढता का येत नाही?"

मॅडमनी चित्र पुसलं आणि लॅपटॉप मिटला. "नाही टाकत," त्या म्हणाल्या. "माझ्याही आधी एक बाई होत्या, माझी पानंच्या पानं लाल करायच्या… खरं आहे तुझं. पण किती माणसं ठेवायची, तो आकडा मला वरून येतो गं. पुढच्या वर्षी मी तरी इथे असेन का, मला माहीत नाही." मग बटणाकडे बघून म्हणाल्या, "जागा तुझी. तुझा आकडा मोठा आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तो खाली मान घालून उभा राहिला.

मी पर्स उचलली आणि निघाले. लिफ्टची वाट बघण्याइतकाही धीर नव्हता, जिन्यानेच उतरले. इमारतीच्या बाहेर पायऱ्यांवर बसून मामाला फोन लावला. "येते," म्हटलं. मामा इतका आनंदला की मला रडूही मनासारखं येईना.

पाठीमागे पावलं वाजली. बटण. खांद्याला बॅग.

"सोडतो मी नोकरी," तो म्हणाला. "वर जाऊन सांगतो आत्ता."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "आईचे डोळे आठव आधी."

"पण हे चूक आहे. जागा तुझी होती."

"चूक आहेच. म्हणून तू कशाला हुतात्मा होतोस? माझ्यासाठी नोकरी सोडलीस तर उद्या आपलं भांडण झालं की तेच ऐकवशील. मला नको ते उपकार."

मग त्याच्या चेहऱ्यावर हळूच काहीतरी उजळलं. "म्हणजे उद्या आपलं भांडण होणार आहे?"

"होणारच."

"परवाही?"

"तू असाच वागलास तर रोज."

"टाइल्सच्या गावाला बस किती वेळ घेते?"

"अडीच तास," मी म्हणाले, आणि मग कुठे माझ्या लक्षात आलं मी काय कबूल करून बसले होते. कान तापले. मी मान वळवली, तर तो वाकून माझ्याचकडे बघत होता.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला.

"एवढंच?"

"वाढवलं तर बिघडेल."

"मलाही," मी म्हणाले. "पण वर गेल्यावर एकेक कॉमेंट वाचून पास करायची. आकडा घसरला तर घसरू दे. आणि मॅडम ओरडल्या तर त्यांना सांग…"

"काय सांगू?"

काय सांगायचं ते मला सुचेना. तो शेजारी पायरीवर बसला. जेवणाची सुट्टी संपायला अजून वेळ होता. त्याने माझा हात हातात घेतला आणि मी क्लासवाल्यांना, मॅडमना, दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या सगळ्यांना एकेक करून नावं ठेवत राहिले. तो मध्येमध्ये 'हो' म्हणत होता, आणि सुट्टी संपेपर्यंत त्याने हात सोडला नाही.